एका दिवसाची मुदत

१ एप्रिल १९८८, गुड फ्रायडे. डेन्मार्कमध्ये तेव्हा देशभर दिसणारी टीव्ही वाहिनी एकच होती, डॅनमार्क्स रेडिओची. दुसरी आली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. सणाच्या त्या दिवशी या एकुलत्या एक वाहिनीवर सव्वा तासाची एक फिल्म दाखवली गेली, 'मेडिया'. सुरुवातीलाच काळ्या कपड्यांतली, डोक्याला घट्ट टोपी घातलेली एक बाई ओल्या वाळूवर पडलेली दिसते. तिची बोटं वाळूत रुतलेली आहेत. भरतीचं पाणी वर चढतं, तिला झाकून टाकतं, आणि मग ती पाण्यातून उठते. अजून ती कोण, कुठली, तिचं काय बिनसलंय, काहीच आपल्याला सांगितलेलं नाही. फक्त एवढं कळतं की या बाईच्या पायाखालची जमीन दर बारा तासांनी नाहीशी होते.

दिग्दर्शक होता लार्स फॉन ट्रिअर, तेव्हा बत्तिशीलाही न पोचलेला. पटकथा मात्र त्याची नव्हती. ती होती कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाची, ज्याचा जोन ऑफ आर्कवरचा १९२८ सालचा मूकपट आजही फिल्म स्कूलमध्ये शिकवतात. ड्रायरने प्रेबेन थॉमसनबरोबर 'मेडिया' लिहून ठेवली होती, पण ती चित्रित न करताच १९६८ मध्ये तो गेला. वीस वर्षांनी टीव्हीने ते बाड या तरुण पोराच्या हातात दिलं. पोराने ते व्हिडिओवर चित्रित केलं, मग फिल्मवर उतरवलं, आणि पुन्हा व्हिडिओवर आणलं. त्यामुळे चित्र खरखरीत, रंग विटलेले, कडा विरघळलेल्या. जुन्या पुरचुंडीत सापडलेल्या फोटोसारखं दिसतं सगळं.

मूळ नाटक युरिपिडीसचं, इसवी सन पूर्व ४३१ चं. ग्रीक शोकांतिका म्हटली की आपल्याकडे पटकन आठवतो तो पु. लं.चा 'राजा ओयदिपौस'. मेडिया त्या मानाने मराठी घरांत कमी आली. म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते.

काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाला कोल्खिस नावाचा देश, म्हणजे आजच्या जॉर्जियाचा किनारा. तिथली राजकन्या मेडिया. ग्रीसहून जेसन नावाचा राजपुत्र सोनेरी लोकर न्यायला येतो. मेडिया त्याच्या प्रेमात पडते, बापाशी दगा करून त्याला लोकर मिळवून देते, त्याच्यासाठी सख्ख्या भावाचा जीव घेते आणि जहाजातून पळून जाते. पुढे जेसनच्या वैऱ्यालाही ती संपवते, त्याच्याच मुलींच्या हातून. थोडक्यात, बाई साधीसुधी नाही. शेवटी दोघं कॉरिंथ शहरात आसरा घेतात, दोन मुलं होतात. नाटक सुरू होतं तेव्हा जेसनने कॉरिंथच्या राजकन्येशी, ग्लाउकेशी, लग्न ठरवून उरकलेलं आहे. मेडिया विषारी भेट पाठवून नवरीला आणि तिच्या बापाला मारते, आणि मग स्वतःच्या दोन्ही मुलांना.

मराठीत अशा गोष्टीला एक तयार शब्द आहे, सवतीमत्सर. शेकडो वर्षं या नाटकाबद्दल असंच बोललं गेलंय: टाकलेली बाई, डोकं फिरलेली बाई, सूडाने आंधळी झालेली बाई. मला वाटतं या वाचनात नाटकातली अर्धी गोष्ट हरवते. ती अर्धी गोष्ट कागदपत्रांची आहे, आणि ती ओळखायला तुमच्याइतका तयार वाचक क्वचितच कुणी असेल.

नीट बघा. राजा क्रेऑन स्वतः मेडियाच्या दारात येतो आणि सांगतो: मुलांना घे आणि आत्ताच्या आत्ता हद्दीबाहेर हो. तिने तोवर काहीही केलेलं नाही. ती काहीतरी करेल अशी त्याला भीती आहे, एवढ्यावरच आदेश निघतो. ती गयावया करते, त्याचे गुडघे धरते, मुलांसाठी म्हणून एक दिवस मागते. क्रेऑन म्हणतो, मी चूक करतोय हे मला दिसतंय, तरी दिला एक दिवस. पुढे जे काही घडतं ते या एका दिवसाच्या मुदतीत घडतं. सूडाचं नाटक म्हणून आपण जे बघतो, त्याचं घड्याळ हद्दपारीच्या आदेशाचं आहे.

फॉन ट्रिअरच्या फिल्ममध्ये हा प्रसंग दलदलीत, धुक्यात घडतो. मूळ नाटकात दार आहे, उंबरा आहे, घर आहे. या मेडियाला घरच नाही म्हटलं तरी चालेल. ज्यूटलंडच्या किनाऱ्यावरची ती पाणथळ जमीन, पायाखाली चिखल, अंगावर गवत आणि वारा. उलट क्रेऑनचं राज्य म्हणजे मशालींच्या उजेडातली भुयारं. वर मोकळ्या आभाळाखाली परकी बाई आणि खाली बंद दाराआड नागरिक. हे एवढं चित्रातून सांगून झाल्यावर संवाद फारसे लागतच नाहीत. किर्स्टन ओलेसनची मेडिया जवळजवळ कुजबुजते. नाटकातल्या लांबलचक, वकिली थाटाच्या भाषणांची सवय असलेल्या माणसाला हे आधी बोचतं. मला स्वतःला ती भाषणं आवडतात, त्यामुळे तक्रार नोंदवून ठेवते. जेसनची भूमिका करणाऱ्या उडो कीरच्या वाट्याला यात नाटकातलं सर्वांत संतापजनक भाषण त्या थाटात येत नाही, हे नुकसानच आहे.

ते भाषण असं: मेडिया म्हणते, मी तुझ्यासाठी काय काय केलं. जेसन शांतपणे हिशोब मांडतो. तू माझ्यासाठी केलंस त्याहून जास्त तुला मिळालं. रानटी मुलुखाऐवजी ग्रीसमध्ये राहायला मिळालं. कायदा म्हणजे काय, न्याय म्हणजे काय हे कळलं. इथे आलीस म्हणून तुझं नाव झालं, तिथे जगाच्या टोकाला राहिली असतीस तर तुला कुणी विचारलं असतं? ग्रीकांचा 'बार्बरोस' हा शब्द, ज्यांचं बोलणं कानाला नुसतं बरबर वाटतं त्यांच्यासाठीचा. संस्कृतातून मराठीत आलेला 'बर्बर' त्याच कुळातला. इथे आणलं हेच उपकार समज, असं सांगणारा माणूस तुम्हाला भेटला असेल. माझ्या ओळखीत तरी दोन-तीन आहेत, आणि सगळे परदेशी आहेत असंही नाही.

आता ४३१ मध्ये अथेन्सच्या उतारावर बसून हे नाटक बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय होतं? वीस वर्षांपूर्वी, ४५१ मध्ये, पेरिक्लीसने एक कायदा मंजूर करून घेतला होता. त्याआधी बाप अथेन्सचा असला की मूल नागरिक होई. नव्या कायद्याने आईही अथेन्सचीच असणं सक्तीचं झालं. परदेशी बायकोपासून झालेली मुलं नागरिकत्वातून बाहेर. ४३१ च्या प्रेक्षकांत या कायद्याखाली वाढलेली एक अख्खी पिढी होती.

परक्यांसाठी वेगळी व्यवस्था होती. अथेन्समध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला 'मेटोइकोस' म्हणत. त्याला एक नागरिक जामीन, म्हणजे 'प्रोस्टाटेस', लागे. आखातात वाढलेल्यांना 'कफील' शब्द सांगायला नको; तोच प्रकार. शिवाय फक्त तिथे राहण्याबद्दल दरवर्षी कर: पुरुषाला बारा द्राख्मा, एकटी राहणारी बाई असेल तर सहा. तो न भरल्यास गुलाम म्हणून विकलं जाण्याची शिक्षा होऊ शके. जमीन विकत घेता येत नसे. पिढ्यान्‌पिढ्या राहिलं तरी दर्जा तोच.

या कायद्याने गंमत केली ती खुद्द पेरिक्लीसचीच. तो ज्या बाईबरोबर राहत होता ती आस्पासिया मिलेटस शहरातली, म्हणजे परकी. त्यांना मुलगा झाला, त्याचंही नाव पेरिक्लीस. बापाच्याच कायद्याने तो अथेन्सचा नागरिक होऊ शकत नव्हता. पुढे प्लेगच्या साथीत पेरिक्लीसची पहिल्या लग्नाची दोन्ही मुलं गेली, तेव्हा त्याने सभेपुढे गयावया करून या मुलाला अपवाद म्हणून नागरिकत्व मिळवून दिलं. आणि ४०६ मध्ये, सेनापती झालेल्या या मुलाला अथेन्सनेच मृत्युदंड दिला. नाटक लिहिलं गेलं तेव्हा यातलं पुढचं काही घडलं नव्हतं, पण आस्पासियाचा मुलगा शहरात वावरत होता आणि विनोदी नाटककार तिच्यावर तोंडसुख घेत होते. मंचावर एक परकी बायको आणि तिची दोन अधांतरी मुलं आली की प्रेक्षकाला कोल्खिसपर्यंत जायची गरज नव्हती.

मेडियाच्या हातात काय आहे? जेसनने उजवा हात देऊन घेतलेल्या शपथा. साक्षीदार फक्त देव. बापाच्या संमतीने झालेलं लग्न नाही, हुंड्याचा करार नाही, माहेर नाही. ती कॉरिंथच्या बायकांना म्हणते ते याच अर्थाने: तुम्हाला हे शहर आहे, बापाचं घर आहे, मला आई नाही, भाऊ नाही, जिथे नांगर टाकावा असा धक्का नाही. (भाऊ का नाही, ते ती सोयीस्करपणे गाळते.) शकुंतलेची निदान अंगठी तरी माशाच्या पोटातून परत आली. मेडियाकडे दाखवायला कागदाचा तुकडासुद्धा नाही.

तुमच्यापैकी कित्येकांच्या आया डिपेंडंट व्हिसावर परदेशी आल्या असतील. अमेरिकेत एच-४ वर आलेल्या बायकांना २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षी मिळाली तीही काहींनाच. त्यांचं तिथे राहणं नवऱ्याच्या नोकरीला टांगलेलं. आणि त्याच व्हिसावर लहानपणी आलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं, की तोवर ग्रीन कार्ड न मिळाल्यास 'डिपेंडंट' राहत नाही. ज्या गावात शाळा शिकलं तिथे राहायला त्याला नवा आधार शोधावा लागतो. मी इथे कुणाच्या आईची तुलना मेडियाशी करत नाहीये, गैरसमज नको. मला एवढंच दाखवायचंय की 'लग्न मोडलं' आणि 'देशात राहण्याचा हक्क गेला' या दोन गोष्टी एकाच दिवशी घडू शकतात हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. ज्यांना कधी व्हिसा लागला नाही अशा वाचकांनी या नाटकातला राग फक्त सवतीचा समजला, यात नवल नाही.

मग येतो एगेउस, अथेन्सचा राजा. नाटकाच्या मध्यावर तो सहज वाटेवरून जाताना भेटतो. मूल होत नाही म्हणून देवाचा कौल घेऊन परततोय. मेडिया आश्रय मागते, बदल्यात मूल होण्याचं औषध देऊ करते. तो हो म्हणतो, पण अट घालतो ती ऐकण्यासारखी आहे: मी तुला इथून घेऊन जाणार नाही, कॉरिंथशी मला वैर नको, तू आपल्या पायांनी माझ्या घरी पोचलीस तर मात्र मी तुला कुणाच्याही हवाली करणार नाही. आजही बहुतेक देशांत आश्रयाचा अर्ज करायचा तर आधी त्यांच्या भूमीवर पाय ठेवावा लागतो. पोचायचं कसं, ते ज्याचं त्याने बघायचं.

अॅरिस्टॉटलला हा प्रसंग पसंत नव्हता. एगेउसचं येणं त्याला अकारण वाटलं, आणि शेवटी मेडिया आजोबांच्या, म्हणजे सूर्यदेवाच्या, रथात बसून उडून जाते तेही त्याला पटलं नाही. मौज अशी की टीव्हीवरच्या मेडियात हे दोन्ही दोष उरलेले नाहीत. एगेउस सुरुवातीलाच, त्या वाळूच्या किनाऱ्यावर, धुक्यातून जहाजाने येतो. आणि शेवटी रथ नाही. त्याच जहाजावर तिला चढायचंय. म्हणजे जायची सोय पहिल्या दहा मिनिटांत झालेली आहे. प्रश्न उरतो तो मुलांचा.

आणि इथे इतिहास फार विचित्र होतो. मुलांना कोणी मारलं? युरिपिडीसच्या आधीच्या कथा सगळ्या एका सुरात बोलत नाहीत. एका कथेत मेडिया मुलांना अमर करायला जाते आणि त्यात ती दगावतात. दुसऱ्या कथेत मेडिया निसटून जाते आणि चिडलेले कॉरिंथकर देवळात आसऱ्याला बसलेल्या मुलांना मारतात. कॉरिंथमध्ये हेरा देवीच्या स्थानी त्या मुलांसाठी विधी होत असे, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेलेल्या पाउसानिआसला मुलांचं स्मारक दाखवलं गेलं. त्याने कथा लिहून ठेवली ती कॉरिंथकरांनी दगडांनी मारल्याची. आईने जाणूनबुजून मारलं, ही कथा बहुतेक अभ्यासकांच्या मते युरिपिडीसने रुजवली. प्राचीन टीकाकारांत तर एक कुजबुजही होती की कॉरिंथकरांनी आपल्यावरचा डाग पुसण्यासाठी त्याला पाच टॅलंट चारले. ही लाचेची गोष्ट बनावट असणार, पण कुणाला तरी ती सुचली हेच पुरेसं बोलकं आहे: शहराच्या हातावरचं रक्त बाईच्या हातावर गेलंय, हे तेव्हाही लोकांना दिसत होतं.

युरिपिडीसने जुनी कथा पूर्ण पुसलेली नाही. मेडियाच्या विनंतीवरून, भेटवस्तू पोचल्यावर, मुलांची हद्दपारी रद्द होते. त्यांचा शिक्षक धावत येऊन आनंदाची बातमी देतो, मुलांना राहायची परवानगी मिळाली! आणि मेडिया रडायला लागते. कारण त्याच भेटीत विष आहे, आणि ती भेट मुलांनीच नेऊन दिली आहे. आता शहर त्यांना सोडणार नाही. माझ्या हातांनी नाही मारलं तर माझ्याहून वैरी हात मारतील, असं ती स्वतःला सांगते. ते वैरी हात कॉरिंथचे. अर्थात, हा सापळा तिनेच रचलेला आहे, आणि जेसनला निर्वंश करायची तिची इच्छा त्यात लपलेली नाही. युरिपिडीस दोन्ही शिल्लक ठेवतो. तिला माफ करायला गेलात की तिचा थंडपणा आड येतो. तिला राक्षसीण ठरवायला गेलात की क्रेऑनचा आदेश आड येतो.

ग्रीक रंगमंचावर खून दिसत नसे. मुलांच्या किंकाळ्या घरातून ऐकू येतात. बाहेर कॉरिंथच्या बायकांचा कोरस उभा आहे. आत जावं का, असं त्या एकमेकींना विचारतात, आणि जात नाहीत. सगळं माहीत असलेला शेजार दाराबाहेर उभा राहतो, हा त्या नाटकाचा सर्वांत भयानक क्षण आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

टीव्हीच्या मेडियात असा कोरस नाही. दार नाही, शेजार नाही. पहाटे मेडिया दोन्ही मुलांना घेऊन एका टेकडीवर जाते, जिथे एकच वठलेलं झाड आहे. ती त्यांना फाशी देते. धाकटा लहान आहे, त्याला खेळ वाटतो, तो पळतो. मोठ्याला कळलंय. तो धाकट्याला पकडून आणतो. आणि धाकट्याचं झाल्यावर तो आईला म्हणतो, मला मदत कर. सगळं जवळजवळ आवाजाविना, सकाळच्या उजेडात, गवत हलत असताना. हा प्रसंग मी एकदाच पूर्ण पाहिलाय. तुम्ही बघणार असाल तर माहीत असून बघा, आणि घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी नको.

फॉन ट्रिअरच्या पुढच्या सिनेमांमुळे हा प्रसंग म्हणजे धक्कातंत्र, असं म्हणायची सोय आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. जुन्या कथेत मारणारं शहर होतं. युरिपिडीसकडे मारणारी आई आहे आणि शहर दाराबाहेर उभं आहे. इथे शहर फ्रेममध्येही नाही, आणि मूल स्वतःच दोर मागतंय. दर वेळी शहराचा हात आणखी दूर जातो, आणि दर वेळी तो प्रसंग घरातल्या घरात उरकतो. त्या मोठ्या मुलाला आपल्या घराची परिस्थिती पूर्ण समजलेली आहे, आईचं ओझं त्याने उचललेलं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला जे समजायला नको ते सगळं. आईवडिलांच्या वतीने सरकारी पत्रं वाचून दाखवणारी, रांगेत दुभाषा म्हणून उभी राहिलेली मुलं आपल्यात थोडी नाहीत. तो मुलगा दोर धरतो तेव्हा मला त्याच्या चेहऱ्यावरचा समजूतदारपणा सर्वांत असह्य वाटतो.

अथेन्समध्ये त्या वर्षी तीन नाटककारांच्या स्पर्धेत युरिपिडीस तिसरा आला. पहिला एस्खिलसचा मुलगा युफोरिऑन, दुसरा सोफोक्लीस. त्याच वसंतात कॉरिंथच्या गोटाशी अथेन्सचं युद्ध सुरू झालं, जे सत्तावीस वर्षं रेंगाळलं. नाटकात कोरस अथेन्सची स्तुती करतो, पवित्र नदीचं शहर, निर्मळ हवेचं शहर, आणि लगेच विचारतो की असं शहर मुलांच्या रक्ताने माखलेल्या बाईला घरात कसं घेईल? घेणार तर होतं. आणि पुढचंही प्रेक्षकांना ठाऊक होतं, कारण ती कथा त्यांच्या स्वतःच्या शहराची होती: मेडिया एगेउसकडे राहील, मग त्याचा थिसिअस नावाचा मुलगा अचानक समोर येईल, ती त्याला विष द्यायला जाईल, बाप मुलाला ओळखेल, आणि तिला अथेन्समधूनही हाकलतील.

फिल्ममध्ये तिथवर जात नाहीत. जेसन उंच गवतात वेडापिसा होऊन धावतोय. मेडिया एगेउसच्या जहाजावर पोचली आहे, पण जहाज निघू शकत नाही, पाणी ओसरलेलं आहे. सगळे भरतीची वाट बघत बसलेत. मग शिडात वारा भरतो. ती डोक्यावरची घट्ट टोपी काढते, आणि इतका वेळ न दिसलेले तिचे केस पहिल्यांदाच मोकळे होतात.